‘ब्रीड’ म्हणजे वाढवणं? जरा थांबा!



चिखलीहून एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. त्यांची मुलगी आठवीत शिकते. १२ जानेवारीच्या जिजाऊ जयंतीनिमित्त शाळेत इंग्रजी निबंध होता. सिंदखेडराजा बुलढाणा जिल्ह्यातलंच, त्यामुळे विषय घरचा. आईनं शब्दकोश काढला. ‘ब्रीड’ या क्रियापदापुढे ‘जन्म देणे, वाढवणे’ असं छापलेलं. दोन्ही अर्थ एकाच शब्दात मिळाले म्हणून त्यांनी हौसेनं वाक्य सांगितलं, ‘जिजाबाई ब्रेड शिवाजी’. बाईंनी खाली लाल रेघ ओढली, वर्गात हशा पिकला, आणि लेक घरी येऊन म्हणाली, “तुला येत नाही तर सांगत जाऊ नको ना!” तेव्हापासून ती अभ्यासातलं आईला काही विचारत नाही. ‘माझं चुकलं कुठं?’ एवढंच त्या विचारतात.

ताई, शब्दकोश खोटा नाही आणि तुम्हीही अडाणी नाही. शब्दकोश अर्थ सांगतो. तो शब्द कुणाला लावायचा, हे मात्र पुष्कळदा सांगत नाही. ‘ब्रीड’ हा आपल्या ‘पैदास’सारखा शब्द आहे. पैदास गाई-म्हशींची, शेळ्यांची, कोंबड्यांची. सुनेला दिवस जातात, ती बाळंत होते. तिथं कुणी ‘पैदास’ म्हणून बघा, घरात भांडण ठरलेलं! साचलेल्या पाण्यात डास होतात, संशयातून वैर वाढतं, तिथंही इंग्रजीत ‘ब्रीड’च येतं. आईसाठी हा शब्द वापरला तर कानाला अपमान वाटतो.

त्यात त्याचा भूतकाळ ‘ब्रेड’, उच्चार थेट पावाच्या ब्रेडचा. मुलं कशाला हसली, ते आलं ना ध्यानात?

गंमत अशी, की हा शब्द मुळात असा रुक्ष नव्हता. अंड्यांवर बसलेली खुडूक कोंबडी तुम्ही पाहिली असेल. तिच्या त्या बसण्याला इंग्रजीत ‘ब्रूड’ म्हणतात, आणि ‘ब्रीड’ त्याच कुळातला. ऊब देऊन पिल्लं वाढवणं, हा त्याचा जुना अर्थ. (हायब्रीड ज्वारीतलं ‘ब्रीड’ मात्र वेगळं, ते लॅटिनमधून आलं.) ती जुनी ऊब दोन ठिकाणी अजून टिकून आहे. ‘बॉर्न अँड ब्रेड इन बुलढाणा’ म्हणजे जन्मही इथला, वाढही इथलीच. आणि ‘वेल-ब्रेड’ म्हणजे चांगल्या वळणाचा. हे दोन्ही माणसांना खुशाल लावावेत.

मग निबंधात काय लिहायचं? जन्माला ‘बॉर्न’ : जिजाऊ सिंदखेडराजाला १५९८ मध्ये ‘वॉज बॉर्न’, शिवराय शिवनेरीवर १६३० मध्ये ‘वॉज बॉर्न’. वाढवण्याला ‘ब्रिंग अप’, भूतकाळ ‘ब्रॉट अप’ : ‘जिजाबाई ब्रॉट अप शिवाजी’. शहाजीराजे कर्नाटकात, आणि पुण्यात मुलाजवळ आई. त्या सगळ्या वर्षांचा भार या दोन छोट्या शब्दांवर येतो, म्हणून ते नेमके हवेत. ‘रिअर’ही चालेल, पण तो जरा पुस्तकी. अमेरिकेत ‘रेझ’ म्हणतात. पूर्वी तिथले जुन्या वळणाचे मास्तर बजावत, की ‘रेझ’ डुकरांना आणि ‘रिअर’ मुलांना! आता तिथं ‘रेझ’ सर्रास चालतं. एक सावधगिरी : बाळानं दूध ओकलं तरी इंग्रजीत ‘ब्रॉट अप’च म्हणतात, तेव्हा वाक्य पुरतं लिहावं.

बाईंची लाल रेघ बरोबर होती. पण रेघेशेजारी बरोबर शब्द लिहून दिला असता तर मायलेकींमधला अबोला टळला असता, असं मला वाटतं. ताई, हे पान लेकीसमोर ठेवा, आणि खुडूक कोंबडीची गोष्ट तुम्हीच सांगा. ती बहुधा तिच्या बाईंनाही ठाऊक नसेल!

पुढच्या अंकात ‘लेंड’ आणि ‘बॉरो’. उसनी साखर दिली की घेतली, याचा घोळ तिथं सोडवू.