साईट सजवायची की सभासदाच्या उपयोगी आणायची?



कारखान्याची नवी वेबसाईट करण्याचा विषय निघाला आहे. परवा एका कंपनीचे लोक नमुना दाखवायला आले होते. पडद्यावर आधी उसाचा फड डोलला, मग सनई वाजली, मग चिमणी फिरत फिरत पुढे आली. सगळे झाल्यावर आम्ही एकच विचारले, "आडसालीच्या तोडणीचा कार्यक्रम कुठे दिसणार?" ते म्हणाले, "ते नंतर टाकू, साहेब." आमचे भांडण या 'नंतर'शी आहे.

आपली जुनी साईट काहींना आठवत असेल. तीही अशीच नाचरी होती. फ्लॅश नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये तिचे पहिले पान केले होते. पण अ‍ॅडोबी कंपनीने ३१ डिसेंबर २०२० रोजी फ्लॅशचा आधार काढून घेतला आणि १२ जानेवारी २०२१ पासून त्यातला मजकूर चालायचाच बंद झाला. आत वाणांची, खतांची चांगली माहिती होती, पण दारच उघडेना. दुरुस्ती करावी तर पासवर्ड करणाऱ्याकडे, आणि त्याचा फोन लागेना. पैसा सभासदांचा गेला. याउलट टिम बर्नर्स-ली यांनी १९९१ साली जगातली पहिली वेबसाईट लोकांसाठी खुली केली, ती नुसत्या अक्षरांची होती. तिची जपलेली प्रत आजच्या मोबाईलवरही उघडते. साधे ते टिकते, हे त्यावरून समजावे.

मग साईट करायची कशी? आमच्या मते संगणक उघडण्याआधी कागद घ्यावा. सभासद गट ऑफिसात येऊन काय विचारतो, ते लिहून काढावे. माझी लागणीची नोंद झाली का? तोडणी कधी? बेणे कुठे मिळेल? माती तपासायला कुठे द्यायची? बिल कधी? या प्रश्नांची पाच-सहा पाने झाली की साईटचा सांगाडा तयार झाला. तोडणीचा कार्यक्रम पहिल्या पानावर, लागणीच्या तारखेप्रमाणे. चेअरमनसाहेबांचा फोटो जरूर असावा, पण तो खाली असला तरी त्यांची हरकत असणार नाही, अशी आमची खात्री आहे. कोणाचा बँक खाते नंबर किंवा फोन नंबर मात्र उघड्या पानावर कधीही टाकू नये.

आता चित्रांचे. मोबाईलने काढलेला एक फोटो ४ एमबीच्या आसपास भरतो. असे २० फोटो तसेच चढवले तर ८० एमबी झाले. मळ्यात जिथे रेंजची एकच काडी असते, तिथे ते पान उघडेपर्यंत पाण्याची पाळी संपेल! जिम्पसारख्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये तोच फोटो १२०० पिक्सेल रुंदीचा केला की तो १५० केबीच्या आसपास बसतो. म्हणजे वीस फोटोंचे मिळून ३ एमबी. आपल्या ऑफिसातली पोरे हे काम दोन दिवसांत शिकतील.

दुसरी गोष्ट, फोटो गोड दिसावा म्हणून रंग वाढवू नका. तांबेरा कोणता आणि तपकिरी ठिपके कोणते, हे सभासद त्या फोटोवरून ओळखणार. रंग बदलला तर औषध चुकेल, आणि फवारणीचा खर्च पाण्यात जाईल. लग्नाच्या अल्बमला जे शोभते ते रोगाच्या फोटोला चालत नाही.

अक्षरे युनिकोडमध्ये असावीत. परिपत्रकाचा फोटो काढून चिकटवणे सोपे, पण त्यातला शब्द सहज शोधून सापडत नाही आणि मोबाईल तो सहजासहजी वाचूनही दाखवत नाही. आपल्या कितीतरी वडीलधाऱ्या सभासदांना चष्म्याशिवाय दिसत नाही, काहींना वाचताच येत नाही. त्यांनी काय करायचे? पांढऱ्यावर काळे, ठळक अक्षर ठेवावे, म्हणजे उन्हात बांधावर उभे राहूनही वाचता येईल. बेणेप्रक्रियेची फिल्म जरूर करा, पण दोन मिनिटांची, आणि बघणाऱ्याने बटण दाबल्यावरच सुरू होणारी.

हे आम्ही हवेत बोलत नाही. वारणेच्या परिसरात १९९८ साली 'वायर्ड व्हिलेज' योजनेत सुमारे ७० गावांसाठी संगणक केंद्रे झाली. पुष्कळ मोठ्या कल्पना होत्या. प्रत्यक्षात ती केंद्रे मुख्यतः उसाची नोंद, वजन, खत आणि बिल एवढ्यासाठीच वापरली गेली. पुढे तिथे काही गावांत हीच माहिती साध्या मोबाईलच्या एसएमएसवर देण्याचा प्रयोग झाला आणि तो लोकांना पटला. सभासदाला काय हवे असते, याचा याहून चांगला पुरावा कोणता?

कोणी म्हणेल, "अहो, व्हॉट्सअ‍ॅप आहे की, साईट कशाला?" खरे आहे. पण तिथला निरोप संध्याकाळपर्यंत वाहून जातो. शिवाय तो कारखान्याचा की कोणी उठवलेला, हे कळत नाही. दराच्या आणि तोडणी बंद पडल्याच्या अफवा कशा पसरतात, ते आपण दर हंगामात बघतो. साईट म्हणजे कारखान्याचा शिक्का असलेला फळा. त्यावर तारीख घातलेली असली म्हणजे वाद मिटतो.

म्हणून संचालक मंडळाला आमची विनंती आहे. साईटचे नाव कारखान्याच्या नावावर घ्यावे, पासवर्ड ऑफिसच्या तिजोरीत राहावा, आणि दर सोमवारी पान ताजे करण्याची जबाबदारी एका माणसावर नेमून द्यावी. सजावट मागाहून होईल. हंगाम संपला तरी ज्या फळ्यावर गेल्या दिवाळीची सूचना आहे, त्याकडे कोण बघणार?

आणि सभासदांना विनंती अशी, की साईटवर काय असावे या तीन गोष्टी चिठ्ठीवर लिहून आपल्या गट ऑफिसात द्या. लिहिता येत नसेल तर स्लिपबॉयला सांगा, तो लिहून घेईल. साईट तुमच्या पैशाची आहे, तेव्हा तिच्यात प्रश्नही तुमचेच असले पाहिजेत.

— ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग