कान नसलेली बंदूक

बंदुकीला कान असतो. नळीच्या बुडाशी, उजव्या अंगाला, दाभण जाईल एवढं भोक. त्याला लागून एक छोटी वाटी, ती रंजकदाणी. तिच्यात चिमूटभर रंजक, म्हणजे बारीक दारू घालायची. चाप ओढला की घोड्यात अडकवलेला जळता तोडा वाटीत टेकतो, रंजक भडकते, आग कानातून आत शिरते आणि नळीत ठासलेला बार उडतो. मागच्या महिन्यात मी विकत घेतलेल्या तोड्याच्या बंदुकीला नळी आहे, शिसवी दस्ता आहे, घोडा आहे, गज आहे. कान नाही. जिथे भोक असायला हवं तिथे मी अंगठ्याचं नख दोनदा फिरवून पाहिलं. सलग लोखंड. मग गज काढून नळीत सोडला. तो बुडापर्यंत गेलाच नाही, चार बोटं अलीकडे ठक्कन थांबला. ‘आतून भरीव केलंय ताई,’ दुकानदार म्हणाला, ‘ही बंदूक कधी उडायची नाही.’ मला तीच हवी होती.

त्याआधी एका दुसऱ्या दुकानात गेले होते. तिथल्या माणसाने अशीच बंदूक समोर ठेवली, आजूबाजूला पाहिलं आणि आवाज खाली आणून म्हणाला, ‘हवं असेल तर कान पाडून देतो. ड्रिल मारलं की झालं, दोन मिनिटांचं काम.’ मी पर्स उचलली आणि बाहेर पडले. त्या दोन मिनिटांच्या कामाला शस्त्र कायद्याचं सहावं कलम लागतं. नकली बंदुकीची परवान्याशिवाय खरी बंदूक करणं हा गुन्हा आहे, आणि २०१९च्या दुरुस्तीनंतर त्याची शिक्षा किमान सात वर्षं, जास्तीत जास्त जन्मठेप. कायदा क्षणभर बाजूला ठेवला तरी शोभेच्या बंदुकीची नळी बाराचा दाब सोसण्यासाठी केलेली नसते, तशी तपासलेलीही नसते. अशा नळीत दारू ठासली तर ती धरणाऱ्याच्या तोंडापुढेच फुटू शकते.

बंदूक घ्यावीशी का वाटली, ते सांगते. आमचं घर राजापूरच्या पुढे. आजोबांकडे ठासणीची बंदूक होती, शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर. भात पोटरीला आलं की रानडुकरं उतरायची, तेव्हा ती माजघरातल्या दोन खुंट्यांवरून खाली यायची. एरवी ते फक्त तेलाचा बोळा फिरवण्यासाठी तिला हात लावत. निवडणूक जाहीर झाली की पोतं गुंडाळून पोलीस ठाण्यात जमा करायची, निकाल लागला की परत आणायची. पावत्या एका पत्र्याच्या डब्यात. आजोबा गेले त्याच महिन्यात काकांनी बंदूक आणि परवाना ठाण्यात नेऊन दिला. परवानाधारक गेला की घरच्यांनी विलंब न करता शस्त्र जमा करायचं, हे एकविसाव्या कलमात आहे. वारसाला आपल्या नावाने परवाना मागता येतो, पण आमच्यात शेती कसणारं कुणी उरलं नव्हतं. काकांनी केलं ते बरोबरच होतं. तरी प्रत्येक मे महिन्यात त्या दोन रिकाम्या खुंट्या मला टोचत राहिल्या.

महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत अशा खुंट्या असतील. १८५७ नंतर इंग्रजांनी गावोगावची हत्यारं गोळा केली आणि व्हाइसरॉय लिटनच्या १८७८च्या कायद्याने हिंदी माणसाला परवान्याशिवाय बंदूक ठेवायची बंदी झाली. युरोपियनांना मात्र मोकळीक होती. शिवकाळापासून गडकोटांवर वापरली गेलेली ही वस्तू त्यानंतर घरांतून आटत गेली. आज पुण्याच्या केळकर संग्रहालयात जुनी हत्यारं पाहायला मिळतात, पण काचेआडून. काचेआडच्या वस्तूचं वजन कळत नाही. चार फुटांच्या आसपासची नळी उभं राहून, एका हाताने तोलून, दुसऱ्या हाताने गज मारत भरायची म्हणजे काय, हे हातात घेतल्याशिवाय कळत नाही. माझ्या भाच्याने, दहावीतल्या मुलाने, परवा दारूच्या जागी काहीही न घालता सगळी कृती करून पाहिली. दारू ओतल्यासारखं करायचं, गोळी, चिंधी, गज, रंजक, तोडा फुंकून लाल करायचा. घामाघूम झाला आणि म्हणाला, ‘मावशी, पावसात हे कसं करत असतील?’ इतिहासाच्या पुस्तकाने त्याच्या तोंडून हा प्रश्न कधी काढला नव्हता.

आता कायद्याचं, कारण इथेच लोक फसतात. १९५९च्या शस्त्र कायद्यात बंदूक म्हणजे स्फोटकाच्या किंवा दुसऱ्या कसल्या शक्तीने गोळी फेकण्यासाठी बनवलेलं किंवा तसं बदललेलं शस्त्र. पंचेचाळिसाव्या कलमात जुन्या वस्तूंना सूट आहे. कालबाह्य घडणीची, पुराणवस्तू म्हणून मोलाची किंवा मोडकी बंदूक कायद्याबाहेर आहे, पण एका अटीवर: ती दुरुस्त करूनही बंदूक म्हणून वापरता येणार नाही अशी हवी. ‘दुरुस्त करूनही’ हा शब्द नीट वाचा. माळ्यावर सापडलेली, गंजून लाल झालेली पणजोबांची ठासणीची बंदूक लोहाराने दोन दिवसांत चालती केली, तर ती शोभेची नव्हती, बिनपरवाना शस्त्र होती. पणजोबांबद्दलचा आदर पोलीस पंचनाम्यात लिहीत नाहीत. म्हणून घरात असं काही सापडलं तर आधी ठाण्यात जा, मग फोटो काढा.

इतर देशांनी ही रेघ वेगळ्या ठिकाणी ओढली आहे. इंग्लंडमध्ये हुबेहूब नकली बंदुकांच्या विक्रीवर २००७पासून बंदी आहे, पण १८७०च्या आधीच्या घडणीच्या नकला त्यातून वगळल्या आहेत. अमेरिकेत खेळण्यातल्या बंदुकीच्या तोंडाला भडक केशरी बूच लावावं लागतं; १८९८च्या आधीच्या घडणीच्या, न उडणाऱ्या संग्राह्य नकलांना ते लागत नाही. जपानने १९७१मध्ये धातूच्या नकली पिस्तुलांना पांढरा किंवा पिवळा रंग सक्तीचा केला. त्यांनी वर्ष पाहिलं किंवा रंग पाहिला. आपला कायदा विचारतो की ही उडू शकते का. मला आपलाच प्रश्न अधिक नेमका वाटतो, कारण उत्तर गज घालून पाहता येतं.

आणि या धंद्यात आपले कारागीर मागे नाहीत. देहरादूनची विंडलास ही कंपनी १९४३पासून काम करते आहे आणि तिच्या तलवारी, शिरस्त्राणं परदेशी संग्राहक मागवतात. ईस्ट इंडिया कंपनीच्या शिपायांच्या खांद्यावर असायची त्या ‘ब्राउन बेस’ बंदुकीच्या भारतात घडवलेल्या नकला अमेरिकेत आणि कॅनडात जुन्या लढाया उभ्या करणाऱ्या मंडळींकडे जातात. जाताना त्यांचा कान पाडलेला नसतो, त्यामुळे त्या बंदूक म्हणून मोजल्या जात नाहीत. ज्या बंदुकीच्या जोरावर आपल्यावर राज्य झालं, तिचीच मुकी प्रत आपल्या कारागिराने घडवून साता समुद्रापार विकावी, याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

घेण्याआधी मी एक काम केलं, ते प्रत्येकाने करावं. बंदुकीचे चार फोटो, मापं आणि विक्रेत्याने दिलेलं वर्णन जोडून परवाना शाखेत अर्ज दिला. शहरात ती पोलीस आयुक्तालयात असते, जिल्ह्यात जिल्हाधिकारी कार्यालयात. अर्जावर पोचशिक्का घेतला, लेखी उत्तर हातात आल्यावरच पैसे दिले. बिलावर ‘प्रतिकृती, नवीन बनावट, नळी बंद, कान नाही’ असं लिहून घेतलं. ‘नवीन बनावट’ हे शब्द फार कामाचे आहेत. शंभर वर्षांवरची वस्तू १९७२च्या कायद्याने पुराणवस्तू ठरते. तिचा व्यापार करायला परवाना लागतो आणि ती देशाबाहेर नेता येत नाही. काही विक्रेते कालची बंदूक आम्लात बुडवून, गंज चढवून ‘पेशवाईतली’ म्हणून विकतात. गिऱ्हाईक पैशाला बुडतं, आणि विमानतळावर ती खरी पुराणवस्तू नाही हे सिद्ध करताना त्याची दमछाक होते. प्रतिकृतीला प्रतिकृती म्हणण्यात कमीपणा कसला? खोट्या वयाची बंदूक मात्र मला बघवत नाही.

घराबाहेर नेताना तर अधिकच जपायला हवं. शिवजयंतीच्या मिरवणुकीत मुलांच्या खांद्यावर अशा बंदुका दिसतात आणि छान दिसतात. पण त्या दिवशी मनाई आदेश लागू आहे का, हे आयोजकांनी ठाण्यात विचारलेलं असावं, परवानगीच्या अर्जात प्रतिकृतींची संख्या लिहिलेली असावी. नाक्यावरच्या हवालदाराला वीस पावलांवरून कान दिसत नाही. त्याला बंदूक दिसते. त्याच्या जागी मी असते तर मीही शिट्टी वाजवली असती. गाडीतून नेताना ती कापडात गुंडाळून डिकीत ठेवावी, बिल जवळ असावं. विमानात हातातल्या सामानात नकली बंदूकही चालत नाही, अगदी खेळण्यातलीसुद्धा नाही.

या मे महिन्यात ती राजापूरच्या घरी गेली. काकांनी दोन्ही खुंट्या हलवून पाहिल्या, एक सैल होती ती पाचर मारून बसवली. आजोबांची बंदूक वेगळ्या घडणीची होती, केप लावून उडायची. ही तिच्याआधीच्या काळातली. म्हणून खाली पुठ्ठ्यावर लिहून लावलं आहे: ‘तोड्याच्या बंदुकीची प्रतिकृती. घरातली मूळ ठासणीची बंदूक पोलीस ठाण्यात जमा आहे.’ काकांनी ते दोनदा वाचलं आणि मुलांना अंगणातून हाक मारली.

तुम्ही घेणार असाल तर नख फिरवून आणि गज घालून घ्या. कान पाडून देतो म्हणणाऱ्याच्या दुकानात थांबू नका. आणि बंदूक टांगण्याआधी बिलाची झेरॉक्स काढून ठेवा, मशीनमधून निघणाऱ्या गुळगुळीत बिलावरची अक्षरं काही महिन्यांत उडून जातात.