गाभारा आणि कचेरी

समलिंगी जोडप्यांच्या विवाहाला कायद्याची मान्यता मिळाली तर धर्मस्वातंत्र्यावर गदा येईल, ही धास्ती दुर्ग-भिलाईच्या मोहन नगरात, पोलाद कारखान्याच्या निमित्ताने विदर्भातून येऊन येथे रुजलेल्या श्रद्धाळू मराठी घरांत, आजही मनापासून बोलून दाखवली जाते. आणि ती मनापासूनची आहे म्हणूनच तिचा उपहास न करता, गाभाऱ्यात अधिकार कोणाचा आणि कचेरीत कोणाचा, याचा शांतपणे विचार केला पाहिजे.

आपला जिल्हा मध्य प्रदेशात मोडत होता तेव्हाची, 1987-88 च्या सुमाराची गोष्ट आहे. त्या राज्याच्या पोलीस दलातील दोन स्त्रियांनी परस्परांशी गांधर्व विधीने विवाह केला, आणि त्यांच्यावर जो घाला आला तो कोणा धर्मपीठाकडून आला नाही; सरकारी खात्याचा हुकूम निघाला आणि दोघींची नोकरी गेली. पुढे 2019 साली रायपुरात पंधरा तृतीयपंथी जोडप्यांची लग्ने एकाच मांडवात लागली, 2021 च्या डिसेंबरात नागपुरात दोन महिला डॉक्टरांनी आप्तेष्टांच्या साक्षीने साखरपुडा केला. समाज आपल्या गतीने वाट काढीत असतो. दप्तर मात्र जागचे हलत नाही.

ते हलवण्याचा मार्ग याच मुलखातील एका माणसाने दाखवून ठेवला आहे. 1872 च्या विवाह कायद्याखाली लग्न करू इच्छिणाऱ्याला आपण हिंदू नाही, मुसलमान नाही, ख्रिस्ती नाही, असे लिहून द्यावे लागे. म्हणजे विवाह हवा तर श्रद्धेवर पाणी सोडा, अशी ती निर्दय अट होती. मध्यप्रांताचे डॉ. हरिसिंग गौर, जे पुढे नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू झाले, त्यांनी केंद्रीय विधिमंडळात चिकाटीने झगडून 1923 साली दुरुस्ती घडवून आणली आणि हिंदू, बौद्ध, शीख व जैन यांना आपला धर्म न सोडता परस्परांत नोंदणी विवाह करण्याची मुभा मिळाली. त्या दुरुस्तीने कोणत्याही भटजीला बोहल्यावर खेचले नाही. 1954 चा विशेष विवाह कायदा याच परंपरेतला आहे : विवाह अधिकारी, तीन साक्षीदार आणि वधूवरांचे वचन एवढ्यावर तो पुरा होतो.

सर्वोच्च न्यायालयानेही समलिंगी विवाहावरील 2023 च्या सुनावणीच्या आरंभीच व्यक्तिगत धर्मकायद्यांना हात न लावण्याचे ठरवले होते. 17 ऑक्टोबर रोजी घटनापीठाने, विवाह हा मूलभूत हक्क नाही आणि विशेष विवाह कायद्यात भर घालणे हे संसदेचे काम आहे, असा निर्वाळा दिला. 2025 च्या जानेवारीत फेरविचाराचे अर्जही फेटाळले गेले. दरम्यान केंद्र सरकारने अशा जोडप्यांना एका शिधापत्रिकेत नाव लावण्याची आणि संयुक्त बँक खाते उघडण्याची वाट मोकळी केली, हे चांगलेच झाले. परंतु ज्या गावात कारखान्याचे क्वार्टर, रुग्णालयातील उपचार, ग्रॅच्युइटी आणि कुटुंब निवृत्तिवेतन या साऱ्यांची किल्ली पतिपत्नीच्या नात्यात आहे, तेथे आयुष्यभराच्या जोडीदाराला केवळ शिधापत्रिकेपुरते कुटुंब मानणे मला अन्यायाचे वाटते.

म्हणून संसदेने 1954 च्या कायद्याचे दार उघडावे आणि त्याच मसुद्यात, कोणत्याही पुरोहिताला, काझीला वा पाद्र्याला असा विवाह लावण्याची सक्ती होणार नाही, हे स्पष्ट शब्दांत नमूद करावे. संविधानाचे 25 वे कलम ते संरक्षण देतेच. तरीही कॅनडाने 2005 साली आणि इंग्लंडने 2013 साली ते कायद्यात वेगळे लिहिले, कारण भयभीत श्रद्धेला लेखी अभय द्यावे लागते. हे अभय सरकारी अंमलदाराला मात्र देता कामा नये. दक्षिण आफ्रिकेने 2006 च्या कायद्यात विवाह अधिकाऱ्यांना सद्सद्विवेकाच्या नावाने नकाराची सवलत दिली, अनेक कार्यालयांतून जोडप्यांना रिकाम्या हाताने परतावे लागले, आणि 2020 मध्ये ती सवलत रद्द करावी लागली. पुजारी देवाचा सेवक आहे. अंमलदार प्रजेचा पगार घेतो.

आणखी एक दुरुस्ती त्याच मसुद्यात यावी. विवाहाची नोटीस तीस दिवस कचेरीच्या दर्शनी जागी लावण्याची तरतूद काढून टाकावी. घरच्यांच्या धाकाने पळून आलेल्या दोन मुलींची नावे महिनाभर भिंतीवर राहिली, तर कायदेशीर हरकत घेणाऱ्याच्या आधी ती त्यांना फरफटत घरी नेणाऱ्यांच्या दृष्टीस पडतील.