श्रावणातला कपकेक

आपल्या पेडणे-डिचोलीकडच्या बऱ्याच घरांत श्रावण लागला की मासळीबरोबर अंडंही बंद होतं. मुलांचे वाढदिवस मात्र श्रावण बघून थोडेच येतात! केक कापतात, टाळ्या वाजतात आणि आजी हळूच म्हणते, "तुम्ही खा रे, मला नको." त्या "मला नको"मुळेच मी या छंदात पडलो. आठवडाभर कोड लिहायचा आणि रविवारी ओव्हन लावायचा.

अंड्याची उणीव दही आणि सोडा भरून काढतात. दह्याच्या आंबटपणामुळे सोड्यातून वायू सुटतो आणि केक फुलतो. १२ कपकेकसाठी दीड कप मैदा, प्रत्येकी एक कप दही आणि साखर, अर्धा कप तेल, सव्वा चमचा बेकिंग पावडर आणि अर्धा चमचा सोडा घ्या. वायू निघून जाण्याआधी, म्हणजे मिश्रण कालवल्याबरोबर, १८० अंशांवर साधारण २० मिनिटं भाजा. बाथ केकची चव हवी असेल तर थोड्या मैद्याऐवजी रवा आणि ओलं खोबरं घाला.

आता सजावट. आपल्या दमट हवेत बटरक्रीमची फुलं पाहता पाहता सैल पडतात. त्यापेक्षा पातोळ्यांसाठी करतो ते गूळ-खोबऱ्याचं चूण गार करून वर ठेवा आणि त्यावर काजूची पाकळी लावा. ओल्या खोबऱ्यामुळे हे कपकेक त्याच दिवशी संपवायचे.

पुढच्या वाढदिवसाला केकचा रंग ठरवण्याआधी घरात कोण काय खात नाही, तेवढं विचारून घ्या.