प्लगइन बसवताय? आधी घड्याळ लावा

बोईसर-तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत तुमच्यापैकी अनेकांचे वडील, काका किंवा मामा कामाला असतील. त्यांना एक प्रश्न विचारून पाहा. बॉयलरपासून निघालेल्या वाफेच्या मुख्य नळीला कोणीही उठून आपल्या मर्जीने नवी शाखा जोडू शकतो का? ते हसतील. शाखा जोडायची तर आधी आराखडा होतो, किती वाफ लागेल याचा हिशेब होतो, वरिष्ठांची सही होते आणि जोडल्यावर दाबमापकाचा काटा पाहिला जातो. कारण नवी शाखा मुख्य नळीतलीच वाफ घेते. आणि तिला गळती लागली, तर त्रास साऱ्या कारखान्याला होतो. तारापूरच्या अणुवीज केंद्रात ही शिस्त किती कडक असेल, याची कल्पना तुम्हीच करा.

ज्या घरातला माणूस दिवसभर ही शिस्त पाळतो, त्याच घरात संध्याकाळी त्याची मुले काय करतात? पायथन शिकायचे म्हणून संगणकावर टेक्स्ट एडिटर बसवतात आणि ‘हे पंचवीस प्लगइन हवेतच’ अशी एखादी यादी पाहून पंचवीसच्या पंचवीस एका बैठकीत जोडून मोकळी होतात. आठवड्याने संगणक रखडू लागला की दोष कोणाला? संगणकाला! मला हा प्रकार मुळीच पसंत नाही, आणि का पसंत नाही तेच आज सांगणार आहे.

टेक्स्ट एडिटर म्हणजे साधा मजकूर लिहिण्याचे आणि दुरुस्त करण्याचे साधन. आज्ञावली लिहिणाऱ्याला ते सुताराच्या रंध्यासारखे रोज हाताशी लागते. त्याला नवे काम शिकवणारी, दुसऱ्या कोणी लिहिलेली छोटी आज्ञावली म्हणजे प्लगइन. तिलाच कोणी पॅकेज म्हणतात, तर कोणी एक्स्टेन्शन. ही कल्पना आजची नव्हे. १९७६ च्या सुमारास अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत ‘ईमॅक्स’ हा एडिटर जन्मला, तोच मुळी दुसऱ्या एका एडिटरसाठी लोकांनी लिहिलेल्या छोट्या छोट्या जोडण्या एकत्र करून. तेव्हा प्लगइन वाईट असे मी म्हणत नाही. उलट, प्लगइन कसे असावे याचा उत्तम नमुना आपल्याच महाराष्ट्रात वाढलेल्या एका माणसाने जगाला दिला आहे.

टी. व्ही. रामन हे त्यांचे नाव. बालपण पुण्यात गेले. काचबिंदूमुळे चौदाव्या वर्षी दृष्टी गेली. तरीही पुणे विद्यापीठातून गणिताची पदवी, मग मुंबईची आयआयटी आणि १९९४ मध्ये अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाची डॉक्टरेट, असे त्यांचे शिक्षण झाले. गणिती सूत्रे कानांना समजतील अशी वाचून दाखवणारी प्रणाली हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता. १९९५ मध्ये त्यांनी ईमॅक्ससाठी एक जोडणी प्रसिद्ध केली. तिचे नाव ‘ईमॅकस्पीक’, म्हणजे बोलणारा ईमॅक्स.

अंधांसाठी पडदा वाचून दाखवणाऱ्या आज्ञावल्या तेव्हाही होत्या. पण त्या पडद्यावर दिसेल तेवढेच वाचत. समजा, दिनदर्शिका उघडली आहे आणि कर्सर १६ या आकड्यावर आहे. अशी आज्ञावली ‘सोळा’ म्हणून गप्प बसे. कोणत्या महिन्याचे सोळा? वार कोणता? डोळस माणूस वर नजर टाकून महिना पाहतो; अंधाने काय करावे? रामन यांनी पडद्याचा नादच सोडला. ‘पुढच्या ओळीवर जा’, ‘पुढच्या दिवसावर जा’ अशी कामे ईमॅक्समध्ये जी फंक्शने करतात, त्यांनाच त्यांनी बोलते केले. फंक्शन आपले काम नेहमीसारखे करते आणि ते संपले की जोडणी त्याचा अर्थ बोलून सांगते: वार, महिना, तारीख, साल, सर्व काही. डोळस माणसाला जिथे वेगवेगळे रंग दिसतात, तिथे ऐकणाऱ्याला वेगवेगळे आवाज ऐकू येतात. आणि यातली खरी खुबी अशी, की हे सर्व करताना मूळ ईमॅक्समधली एकही ओळ बदलावी लागली नाही. जोडणी काढून टाका, ईमॅक्स होता तसा. तिच्या मदतीने लिहिलेला मजकूरही होता तसा!

गरज स्वतःची, मूळ यंत्राचा अभ्यास पक्का, आणि जोडणी काढली तरी मागे काही मोडलेले नाही. तुमच्या पंचवीसांपैकी किती प्लगइन या कसोटीला उतरतील?

जोडणी काढल्यावर मजकुराचे काय होते, हा प्रश्न आपण मराठी माणसांनी तरी कधी विसरू नये. युनिकोड रुळण्यापूर्वी मराठी टंकलेखनासाठी निरनिराळ्या कंपन्यांचे फाँट असत आणि प्रत्येकाची अक्षरांची मांडणी वेगळी. इंग्रजी अक्षराच्या क्रमांकावर कोणी ‘क’चे चित्र बसवले, तर कोणी काना. तो फाँट संगणकावर असेपर्यंत सगळे ठीक. नसला की पडद्यावर इंग्रजी अक्षरांची खिचडी. अशा फायली आजही अनेक छापखान्यांत आणि कचेऱ्यांत पडून आहेत. याउलट पुण्याच्या सी-डॅक या संस्थेचे ‘जिस्ट कार्ड’ पाहा. ते संगणकात खोचायचे खरेखुरे कार्ड होते आणि त्याच्यामुळे साध्या इंग्रजी आज्ञावल्यांतही देवनागरी उमटे. ते कार्ड आज कोणी वापरत नाही. पण अक्षरांना ठराविक क्रमांक देण्याची जी पद्धत त्या कामातून पुढे आली, ती १९९१ मध्ये ‘इस्की’ या नावाने भारतीय मानक झाली. आणि युनिकोडमधल्या देवनागरीची मांडणीही इस्कीच्याच आधीच्या आवृत्तीवर बेतलेली आहे. कार्ड गेले, मांडणी राहिली. म्हणून सांगतो, प्लगइनच्या मदतीने काहीही लिहा, पण ती फाइल एकदा साध्या नोटपॅडमध्ये उघडून पाहा. तिथे ती वाचता येत नसेल, तर तो मजकूर तुमचा नाही, प्लगइनचा आहे.

आता विश्वासाचा मुद्दा. व्हीएस कोड या आज सर्वत्र दिसणाऱ्या एडिटरमध्ये प्लगइन वेगळ्या प्रक्रियेत चालतात, त्यामुळे एखादे अडखळले तरी तुमचे टंकन सहसा थांबत नाही. पण वेगळ्या खोलीत राहणाऱ्या पाहुण्याच्या हाती घराच्या सगळ्या किल्ल्या असाव्यात, तसा हा प्रकार आहे. एडिटरला जे जे करता येते ते ते प्लगइनलाही करता येते: तुमच्या फायली वाचणे, बदलणे, पुसणे, इंटरनेटवरून कोठेही धाडणे. ईमॅक्स आणि व्हिम या जुन्या एडिटरांत तर वेगळी खोलीही नाही. फार लोकांनी उतरवून घेतले म्हणजे ते चांगलेच असणार, असे कोणी म्हणेल. मला हे पटत नाही.

मार्च २०२४ मधली घटना पाहा. ती एडिटरची नाही, पण दुसऱ्याने लिहिलेली जोडणी डोळे मिटून घेण्याचीच आहे. ‘एक्सझेड’ ही फायली दाबून लहान करणारी आज्ञावली लिनक्सच्या असंख्य संगणकांत वापरली जाते. ‘जिया टॅन’ असे नाव सांगणाऱ्या कोणीतरी दोन वर्षांहून अधिक काळ तिच्यात निमूटपणे उपयुक्त काम केले, विश्वास मिळवला आणि मग तिच्यात चोरदरवाजा बसवला. तो पकडला कोणी? आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या अभियंत्याने. तो चोर शोधायला निघाला नव्हता. तो दुसऱ्याच कामासाठी मोजमाप करत होता. दूरच्या संगणकात प्रवेश करायला नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो आहे, एवढेच त्याला दिसले. फक्त अर्धा सेकंद! दुसऱ्या कोणी ‘चालायचेच’ म्हणून सोडून दिले असते. त्याने कारण शोधले आणि जगभरच्या संगणकांवरचे मोठे संकट टळले.

मी भौतिकशास्त्र शिकवतो, त्यामुळे ही हकिगत मला विशेष आवडते. दोलकाचा आवर्तकाल काढताना आपण घड्याळ लावतो, मग एडिटरला का लावू नये? एडिटर उघडायला किती वेळ लागतो ते पाच वेळा मोजा. पहिले वाचन सोडून द्या, कारण त्या वेळी फायली डिस्कवरून यायच्या असतात. नंतर त्या स्मृतीत तयार असतात. उरलेल्या चारांची सरासरी वहीत लिहा. मग एकच प्लगइन बसवा आणि पुन्हा मोजा. व्हिममध्ये तर प्रत्येक फाइलला किती मिलिसेकंद लागले याची यादी लिहून देणारी सोयही आहे. एका वेळी एकच चलराशी बदलावी हा प्रयोगशाळेतला नियम इथे जसाच्या तसा लागू पडतो. आणि चार दिवस ते प्लगइन लागलेच नाही, तर सरळ काढून टाका. पालघरच्या बाजारात दुसऱ्या हाताने घेतलेल्या, चार जीबी स्मृतीच्या लॅपटॉपला प्रत्येक जास्तीचा पाहुणा जड जातो.

मात्र एक भेद ध्यानात ठेवा. जड होणारे प्लगइन घड्याळ दाखवील. लबाड प्लगइन दर वेळी दाखवीलच असे नाही. त्यासाठी ते कोणी लिहिले आहे, मूळ आज्ञावली उघडी आहे का, शेवटची दुरुस्ती कधी झाली, हे वाचावेच लागते.

आणि ज्यांनी आधीच बत्तीस बसवून ठेवली आहेत, त्यांचे काय? एक तरी बिघडलेले आहे, पण कोणते ते कळत नाही. एकेक बंद करून पाहिले तर बत्तीस वेळा खटाटोप. त्यापेक्षा निम्मी बंद करा. दोष गेला तर तो बंद केलेल्या सोळांत, राहिला तर चालू असलेल्या सोळांत. मग त्या सोळांची आठ, आठांची चार, चारांची दोन, दोनांचे एक. पाच फेऱ्यांत चोर हाती! व्हीएस कोडमध्ये ‘एक्स्टेन्शन बायसेक्ट’ नावाची सोय नेमके हेच करते. फक्त एका प्रसंगी ही युक्ती फसते: प्रत्येक प्लगइन एकटे असताना निर्दोष, पण दोन विशिष्ट प्लगइन एकत्र चालू असली तरच भांडतात. अशा वेळी पहिल्या फेरीत दोघे वेगवेगळ्या गटांत गेले तर काय दिसेल, आणि मग ती जोडी कशी शोधाल, हे कागद-पेन्सिल घेऊन करून पाहा.