शब्दांची गोष्ट : लॅकॉनिक

काय दोस्तांनो, सहामाही झाली का? आज एक क्वचित भेटणारा इंग्रजी शब्द आणलाय. एल-ए-सी-ओ-एन-आय-सी, लॅकॉनिक. हे विशेषण आहे. मोजक्या शब्दांत नेमकं बोलणारा माणूस लॅकॉनिक, आणि त्याचं उत्तरही लॅकॉनिक.

हा शब्द आलाय चक्क एका प्रांताच्या नावावरून. ग्रीसच्या दक्षिणेला लॅकोनिया नावाचा प्रांत आहे. स्पार्टा हे तिथलं मुख्य शहर. जुन्या काळचे स्पार्टाचे लोक लढाईत शूर, पण बोलण्यात भारी चिक्कू! लहान मुलांनाही थोडक्यात उत्तर द्यायची सक्ती. प्लूटार्क नावाचा ग्रीक लेखक सांगतो, की उत्तर जमलं नाही तर मुलाच्या अंगठ्याला चावायचे. (घाबरू नका, आमच्या शाळेत अशी पद्धत नाही.)

हेरोडोटस या इतिहासकाराने तर मोठी गंमत सांगितलीय. सॅमोस बेटावरून परागंदा झालेले काही लोक स्पार्टाकडे मदत मागायला आले. त्यांनी लांबलचक भाषण ठोकलं. स्पार्टाचे अधिकारी म्हणाले, सुरुवातीचं आम्ही विसरलो आणि पुढचं काही कळलं नाही! मग त्या बिचाऱ्यांनी एक रिकामी पिशवी पुढे धरली आणि एवढंच म्हणाले, की पिशवीला पीठ हवंय. झालं ना थोडक्यात? छे! 'पिशवी' हा शब्द जास्तीचा झाला, असं उत्तर आलं. पिशवी तर समोर दिसतच होती! मदत मात्र मिळाली हं.

दुसरा किस्सा राजा फिलिपचा. हा अलेक्झांडरचा बाप. त्याने धमकी पाठवली, मी जर लॅकोनियात शिरलो तर तुम्हाला हाकलून देईन. स्पार्टाहून एकाच शब्दाचं उत्तर गेलं, "जर." पुढे इ.स.पूर्व ३३८ मध्ये तो खरंच लॅकोनियात शिरला आणि त्याने काही मुलूखही तोडला. पण स्पार्टा शहर काही घेतलं नाही.

इंग्रजीत हा शब्द १६ व्या शतकात आला. आपल्याकडे 'मितभाषी' आहे, पण तो माणसाचा स्वभाव सांगतो. लॅकॉनिकमध्ये कमी शब्दांत पुरता अर्थ यावा लागतो. थोडा तुटकपणाही असतो त्यात. नुसतं गप्प बसणारा काही लॅकॉनिक नव्हे. मीही इथेच फसले.

गेल्या वर्षी पाऊस लांबला होता. चौथीच्या वर्गाला मी निबंध दिला, 'पाऊस पडला नाही तर'. दहा ओळी लिहायच्या होत्या. एका अबोल मुलाने एकच ओळ लिहिली, "मलापण कारखान्याला जावं लागंल." आमच्याकडे कारखान्याला जाणं म्हणजे आईबाबांबरोबर ऊसतोडीला जाणं. मी लाल पेनने दहापैकी दोन गुण दिले आणि खाली शेरा मारला, 'विस्तार करा'.

दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडली, तेव्हा त्याची जागा रिकामी होती. वही माझ्याच टेबलावर राहिली होती. पुन्हा वाचली. त्या ओळीत जास्तीचा शब्द एकही नाही. पाऊस पडला नाही तर, हे तर मीच वर लिहून दिलं होतं. दोनाचे नऊ केलेत, पण त्याला अजून दाखवता आलेले नाहीत.