घुमान इकडे आलं, कर्तारपूर तिकडे राहिलं

नांदेडला हुजूर साहिबच्या दर्शनाला आलेल्या पंजाबी भाविकांच्या हाताशी एखादा दिवस असला, की ते गाडी करून वसमतमार्गे औंढ्याला येतात आणि इथून पुढे नामदेवांच्या नरसीला जातात. साठेक किलोमीटरचा रस्ता. श्रावणी सोमवारच्या रेटारेटीतही त्यांच्या पगड्या लांबून ओळखू येतात. नागनाथाचं लिंग जमिनीखाली आहे. मंडपातून अरुंद, उंच पायऱ्या उतरायच्या, पाठीत वाकून एकेकानं आत सरकायचं. आतला गाभारा इतका ठेंगणा, की उंचापुऱ्या माणसाला मान वर करता येत नाही. सहा फुटी सरदारजी पगडी सांभाळत त्या पायऱ्या उतरतात, तेव्हा कडेला उभ्या असलेल्या आमच्या बाया आपसूक म्हणतात, "दादा, डोकं सांभाळा."

ही मंडळी येतात ती नामदेवांसाठी. पिंडीवर पाय ठेवून निजलेले विसोबा खेचर आणि त्यांनी नामदेवांना दिलेला धडा ही कथा औंढ्याची, हे इथलं शेंबडं पोर सांगेल. दुसरी कथा देऊळ फिरल्याची. नामदेवांना पुढून उठवलं, ते मागच्या बाजूला जाऊन कीर्तनाला उभे राहिले, तर देऊळच त्यांच्याकडे वळलं. नंदी पाठीशी राहिला तो म्हणूनच, असं इथं सांगतात. देऊळ फिरल्याचं नामदेवांचं एक पद गुरू ग्रंथ साहिबात आहे. ग्रंथात त्यांची एकूण 61 पदं आहेत. त्यामुळे पंजाबातल्या कुठल्याही खेड्यातल्या गुरुद्वारात ही कथा ठाऊक असते आणि औंढ्याला पहिल्यांदा आलेला माणूसही देवळाच्या मागच्या बाजूला जाऊन उभा राहतो.

गेल्या हिवाळ्यात तिथंच नांदेडच्या एका शीख आजींची गाठ पडली. तीन पिढ्या नांदेडात गेलेल्या, मराठी आपल्यासारखीच. पंजाबहून आलेल्या पाहुण्यांना देऊळ दाखवायला त्या आल्या होत्या. बोलता बोलता म्हणाल्या, "ताई, आयुष्यात पहिल्यांदा पासपोर्ट काढला, तो कर्तारपूरसाठी. पोलीस घरी येऊन चौकशी करून गेले. सगळं झालं, आणि रस्ताच बंद झाला. आता तो कपाटात पडलाय." तक्रारीचा सूर नव्हता, राग तर नव्हताच. पण वयाची पंचाहत्तरी ओलांडलेल्या बाईला 'पुढच्या वर्षी बघू' असं कोण कुठल्या तोंडानं सांगणार?

आता पाकिस्तानात असलेल्या कर्तारपूरला गुरू नानकांनी आयुष्याची शेवटची सुमारे अठरा वर्षं काढली आणि 1539 मध्ये तिथंच देह ठेवला. गुरुदासपूर जिल्ह्यातल्या डेरा बाबा नानकच्या सीमेपासून ते जेमतेम साडेचार किलोमीटर आहे. 2019 पर्यंत लोक सीमेवरच्या चौथऱ्यावर उभे राहून दुर्बिणीतून तिथला पांढरा घुमट बघत आणि हात जोडत. नानकांच्या साडेपाचशेव्या जयंतीच्या निमित्तानं 9 नोव्हेंबर 2019 ला कॉरिडॉर खुला झाला. व्हिसा नको, फक्त पासपोर्ट आणि आधी केलेली नोंदणी. दिवसाला पाच हजार भाविक, वीस डॉलर शुल्क, सकाळी जायचं आणि संध्याकाळी परतायचं. एक गोष्ट आपल्याकडे फारशी कुणाला माहीत नाही. हा रस्ता फक्त शिखांचा नव्हता. करारात सर्व धर्मांच्या भारतीयांना मुभा होती. औंढ्याच्या वारकऱ्यानंही टाळ घेऊन जावं, एवढा तो मोकळा होता. करोनात तो बंद झाला, नोव्हेंबर 2021 मध्ये पुन्हा उघडला, आणि ऑक्टोबर 2024 मध्ये कराराला आणखी पाच वर्षांची मुदतवाढ मिळाली. 7 मे 2025 ला, ऑपरेशन सिंदूरच्या दिवशी, भारतानं तो बंद केला.

नकाशा उघडून बसलं की मला एका गोष्टीनं दर वेळी धस्स होतं. नामदेवांचा उत्तरायुष्यातला मुक्काम ज्या घुमानला होता, ते गाव गुरुदासपूर जिल्ह्यातच आहे, बटाला तालुक्यात. फाळणीपूर्वी या जिल्ह्याचे चार तालुके होते: गुरुदासपूर, बटाला, पठाणकोट आणि शकरगढ. तात्पुरत्या वाटणीत अख्खा जिल्हा पाकिस्तानच्या बाजूला धरला होता. सीमारेषा आखणाऱ्या रॅडक्लिफचा निवाडा जाहीर झाला 17 ऑगस्ट 1947 ला. पहिले तीन तालुके भारताला मिळाले, रावीपलीकडचा शकरगढ पाकिस्तानला गेला. घुमान बटाल्यात होतं म्हणून इकडे आलं, कर्तारपूर शकरगढच्या बाजूचं म्हणून तिकडे राहिलं. एकाच जिल्ह्याच्या दोन टोकांना दोन संतांचे उत्तरायुष्यातले मुक्काम. रेघ थोडी पूर्वेकडे सरकली असती, तर एप्रिल 2015 मध्ये डॉ. सदानंद मोरे यांच्या अध्यक्षतेखाली घुमानला जे अठ्ठ्याऐंशीवं मराठी साहित्य संमेलन भरलं, ते भरलंच नसतं, आणि नरसीच्या माणसाला आपल्या नामदेवांच्या घुमानला जायला व्हिसासाठी दारोदार फिरावं लागलं असतं. म्हणून कर्तारपूरचं दुखणं आपलं नाही, असं मला म्हणवत नाही. तिथं रोज उघडल्या जाणाऱ्या ग्रंथात आमच्या नरसीच्या शिंप्याची वाणी आहे.

सरकारनं रस्ता बंद का केला, हे मला पुरतं कळतं. 22 एप्रिल 2025 ला पहलगामला 26 माणसं मारली गेली. त्यात सहा जण आपल्या महाराष्ट्राचे होते, डोंबिवलीचे, पुण्याचे, पनवेलचे. त्या घरांतल्या माणसांसमोर उभं राहून 'आम्हाला यात्रेला जायचंय' असं म्हणण्याची माझी तरी छाती नाही. दोन्ही बाजूंनी क्षेपणास्त्रं सुटत असताना म्हाताऱ्या माणसांचे जथे सीमेपार पाठवायला कुठलंच शहाणं सरकार तयार होणार नाही. मे महिन्यातल्या बंदीबद्दल माझं काही म्हणणं नाही.

म्हणणं आहे ते त्यानंतरच्या बंदीबद्दल. जूनमध्ये महाराजा रणजितसिंहांच्या पुण्यतिथीला जथा जाऊ दिला नाही. सप्टेंबरात केंद्रीय गृहमंत्रालयानं पंजाबसह काही राज्यांना पत्र पाठवलं, की सुरक्षेची परिस्थिती बघता नोव्हेंबरच्या नानक जयंतीला पाकिस्तानातल्या ननकाना साहिबला जथे पाठवता येणार नाहीत. त्याच आठवड्यात दुबईत आशिया चषकात भारत-पाकिस्तान सामना झाला. खेळाडू खेळू शकतात तर भाविक का जाऊ शकत नाहीत, असा प्रश्न पंजाबचे मुख्यमंत्री भगवंत मान यांनी विचारला. दुबई तटस्थ भूमी आहे, ननकाना तसं नाही, हे उत्तर खरं आहे. पण प्रश्न विचारल्यावर ऑक्टोबरात परवानगी मिळाली, हेही खरं. दोन हजारांहून जास्त भाविकांना व्हिसा मिळाले आणि 4 नोव्हेंबरला जथा वाघ्याहून पलीकडे गेला. सप्टेंबरात जे अशक्य होतं ते ऑक्टोबरात शक्य कसं झालं? धोका कमी झाला होता का? झाला असेल, तर तसं सांगायला हवं होतं. आणि नव्हता, तर आधीच्या पत्राला अर्थ काय? साडेचार किलोमीटरचा कॉरिडॉर मात्र तेव्हाही बंदच होता. कारण सांगितलं जातं, पण मोघम. आणि फेरविचार कधी, ते तर कुणीच सांगत नाही.

तारीख नसलेली बंदी काय असते, ते आमच्या भागाला नव्यानं सांगायला नको. हा सगळा मुलूख निजामाचा होता. पैनगंगेच्या अलीकडे निजामाचं राज्य, पलीकडे वऱ्हाड, आणि मध्ये करोडगिरीचे नाके. सोयरीक मात्र दोन्ही काठांवर. 1938 मध्ये हैदराबाद स्टेट काँग्रेसवर तिची रीतसर स्थापना होण्याआधीच बंदी आली, ती उठली 1946 मध्ये. त्यानंतर मुक्तिसंग्रामाच्या वर्षभरात आमच्याकडची तरणी माणसं रात्रीची नदी ओलांडून उमरखेडच्या कॅम्पवर जात. त्या काळाची तुलना आजच्या लोकशाही सरकारशी करणं अन्यायाचं होईल, आणि मला ती करायचीही नाही. एवढंच सांगायचंय, की सीमा बंद झाल्यानं माणसाचं पलीकडे असलेलं नातं संपत नाही, हे ज्या मातीनं पाहिलंय त्या मातीतून मी लिहिते आहे.

आपल्या कायद्यात अशा प्रवासबंदीचा विचार झालेला आहे. 1967 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सतवंतसिंह साहनी खटल्यात परदेशी जाण्याचा हक्क व्यक्तिस्वातंत्र्यात धरला, त्याच वर्षी पासपोर्ट कायदा झाला, आणि 1978 च्या मनेका गांधी निकालानं तो हक्क आणखी पक्का केला. पासपोर्ट कायद्याचं एकोणिसावं कलम सरकारला एखाद्या देशाचा प्रवास बंद करण्याचा अधिकार देतं. त्या देशानं भारतावर आक्रमण केलं असेल, आक्रमकाला मदत केली असेल, तिथं लढाई चालू असेल, किंवा तिथं गेल्यानं परराष्ट्र संबंधांना गंभीर बाधा येत असेल तर. त्यासाठी अधिसूचना काढावी लागते, म्हणजे सरकारला जाहीरपणे आणि लेखी बोलावं लागतं. आणि त्याच कलमात खास परवानगीची वाटही ठेवलेली आहे.

ती वाट एका आईनं चालून दाखवली. यमनला जायला भारतीयांना 2017 पासून बंदी आहे. केरळची परिचारिका निमिषा प्रिया तिथं फाशीच्या शिक्षेखाली तुरुंगात. मुलीला भेटायला आणि तडजोडीचं बोलायला जाऊ द्या, म्हणून आई दिल्ली उच्च न्यायालयात गेली. डिसेंबर 2023 मध्ये न्यायालयानं वाट मोकळी करून दिली. अट अशी, की आपल्या जबाबदारीवर जाते आहे, असं तिनं लिहून द्यायचं. 2024 च्या एप्रिलमध्ये ती गेली आणि कित्येक वर्षांनी लेकीला भेटली. यमनमधलं युद्ध काही त्या आईसाठी थांबलं नव्हतं. धोका होताच. पण तो पत्करण्याचा हक्क तिचा आहे, हे न्यायालयानं मान्य केलं.

पोटच्या मुलीची भेट आणि गुरुद्वाराचं दर्शन यांची बरोबरी होत नाही, असं कुणी म्हणेल. कुणाच्या मनात कशाचं वजन किती, ते आपण बाहेरून कसं जोखणार? पंढरीची वारी चुकली तर जेवण गोड न लागणारी माणसं माझ्या घरात होती. नांदेडच्या आजींचं कर्तारपूर मला त्याच मापानं समजतं.

आजची वस्तुस्थितीही डोळ्याआड करता येत नाही. नोव्हेंबरच्या जथ्यातल्या काही हिंदू भाविकांना पाकिस्ताननं वाघ्याहून परत पाठवल्याच्या बातम्या आल्या. पाकिस्ताननं त्यांची कागदपत्रं अपुरी असल्याचं सांगितलं. म्हणजे उद्या आपण दार उघडलं, तरी पलीकडचं उघडेलच याची खात्री नाही. पण पलीकडच्यांनी काय करायचं, हे आपल्या हातात नाही. आपल्या बाजूचं आपल्या हातात आहे. कॉरिडॉर बंद ठेवायचा असेल, तर दर तीन महिन्यांनी फेरविचार होईल असं जाहीर करा. तोवर निदान सत्तरी ओलांडलेल्यांची वेगळी, छोटी यादी करा. त्यांच्याकडून यमनच्या प्रकरणात घेतलं तसं लिहून घ्या, आठवड्यातून एक दिवस शंभर जण सोडा आणि संध्याकाळी मोजून परत घ्या. सकाळी जाऊन संध्याकाळी परतण्याची ही व्यवस्था पूर्वी पाच हजारांसाठी आखली होती. शंभरांसाठी ती जड जाऊ नये. आणि ही मागणी फक्त अमृतसरहून कशाला जायला हवी? नांदेडहून अमृतसरला सचखंड एक्स्प्रेस सुटते. तिच्यात बसून डेरा बाबा नानकपर्यंत पोचणारे शेकडो लोक महाराष्ट्राचे मतदार आहेत. हिंगोली आणि नांदेडच्या खासदारांनी हा प्रश्न लोकसभेत लेखी विचारावा. लेखी प्रश्नाला सरकारला लेखी उत्तर द्यावं लागतं.